सी किंगला 'भंगार' म्हणण्याआधी

पावसाळा लागला की आमच्या रायगड-रत्नागिरीच्या ग्रुपांवर एक वाद ठरलेला. नौदलाचं हेलिकॉप्टर घरघरत डोक्यावरून गेलं की कुणीतरी लिहिणारच, "अजून हीच भंगारं उडवतायत!" आणि नदीने पात्र सोडलं की तोच गडी विचारणार, "हेलिकॉप्टर कुठे तडमडलं?" भंगार आहे म्हणता, मग वाट कशाला बघता? असो.

ते 'भंगार' म्हणजे बहुतेक वेळा सी किंग ४२सी. कुलाब्याच्या आयएनएस शिक्रा या नौदलाच्या हवाई तळावरून उडतं. मूळ आराखडा अमेरिकेच्या सिकॉर्स्कीचा, बांधणी इंग्लंडच्या वेस्टलँडची. आपल्या नौदलात पहिली सी किंग आली १९७१ साली, पाणबुड्या हुडकायला. ४२सी मागाहून, ऐंशीच्या दशकात आलं. पाणबुडीच्या भानगडीत हे पडत नाही. पोटात अठ्ठावीसेक जवान बसतात, दारावर माणूस दोरीने वर ओढायची विंच, आणि जहाजाच्या डेकवर मावावं म्हणून पंख्याची पाती घडी होतात. थोडक्यात, नौदलाची लाल परी. आणि लाल परीसारखंच, ती आहे तोवर तिला नावं ठेवायची.

तिने सोसलंय काय, ते कुणी सांगत नाही. मे १९९८ मध्ये पोखरणचे स्फोट झाले आणि अमेरिकेने निर्बंध लादले. सी किंग ब्रिटनमध्ये बनलेलं, पण जन्मखूण अमेरिकेची, त्यामुळे सुट्या भागांची वाट अडली. अनेक सी किंग जमिनीवर बसून राहिली. तंत्रज्ञांनी एकाचे भाग काढून दुसऱ्याला लावत उडती ठेवता येतील तेवढी ठेवली. ज्याने कधी यामाहा आरएक्स बंद झाल्यानंतर तिचा एखादा पार्ट शोधलाय, त्याला यातली मेहनत कळेल. निर्बंध उठले, गाडी परत रुळावर आली, आणि ती अजून चालते आहे. मला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. लाज वाटावी ती वेगळ्या गोष्टीची, की ओझी वाहणाऱ्याची पाळी आपल्याकडे नेहमी शेवटी येते. पाणबुडीविरोधी कामाला नवी एमएच-६०आर हेलिकॉप्टरं आली, मार्च २०२४ मध्ये कोचीला त्यांचं स्क्वाड्रनही सुरू झालं. त्याच वर्षी जूनमध्ये विशाखापट्टणमची यूएच-३एच ही जुनी वाहतूक हेलिकॉप्टरं निवृत्त झाली. त्यांच्या जागी कोण? सी किंग ४२सी! आजोबांच्या जागी काका.

आता आपल्या कोकणाचं. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळ सावित्रीचा पूल गेला, दोन एसट्या गेल्या, तेव्हा शोधाला सी किंग आलं होतं. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, महाडजवळच्या तळिये गावावर दरड आली, तेव्हा २३ तारखेला पहाटे शिक्रावरून सी किंग पोलादपूरच्या दिशेने निघालं. "एक दिवस उशिरा" हा आरोप तेव्हापासून चालू आहे. अहो, २२ला आभाळ कुठे होतं? घाटाला ढग टेकलेला, पाऊस आडवा. माणूस छपरावरून उचलायचा तर वैमानिकाला आधी छप्पर दिसायला हवं, मग विजेच्या तारा, मग माडांचे शेंडे. पंख्याचा व्यास साधारण १९ मीटर. त्याच्याखालचा वारा असा, की मंगलोरी कौलं आणि पत्रे उडून ज्याला वाचवायचं त्याच्याच डोक्यात बसायचे. पहिल्या दिवशी पुरात होडीच लागते, आणि होडीवाले आपलेच भोई, कोळी, गाबीत असतात. हेलिकॉप्टर कामाला येतं रस्ता खचल्यावर. डॉक्टर, सलाईन, जनरेटर, बाळंतीण, डायलिसिसचा पेशंट, हा त्याचा खरा माल.

पण ते उतरणार कुठे? पुढारी येणार असला की आमच्याकडे दोन दिवस आधी शाळेचं मैदान सपाट होतं. चुन्याने 'एच' काढतात, धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारतात, कडेच्या आंब्याच्या फांद्या छाटतात, पोलीस पाटील गुरं हाकलत फिरतो. एकदा तरीही शाळेच्या पडवीची चार-पाच कौलं गेली आणि पुढचा अख्खा पावसाळा पोरं त्याखाली बादली ठेवून बसली. पुरात हे सगळं करायला कोण येणार? आणि आमची मैदानं बहुधा नदीकाठची, म्हणजे पहिली तीच पाण्याखाली.

म्हणून नव्या हेलिकॉप्टरची मागणी दिल्लीत करा, जरूर करा. पण ग्रामसभेत आपण काय मागतो? सभामंडप आणि हायमास्ट. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक खोऱ्यात पूररेषेच्या वर एक कातळ निवडावा. कातळ आपल्याकडे कमी आहेत का? सडेच्या सडे, म्हणजे खडकाळ माळ, मोकळे पडलेत. वरून वीजतार नेऊ नये, वाडीतून तिथवर स्ट्रेचर नेता येईल अशी पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, बांधावी, जागेचे अक्षांश-रेखांश तहसीलला लिहून द्यावेत. येत्या ग्रामसभेला मी हा अर्ज देणार आहे. कुणाला मसुदा हवा असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, फक्त सर्व्हे नंबर ज्याचा त्याने शोधायचा.