एकवचनी ‘दे’ : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इंग्रजीतील ‘दे’ (they, म्हणजे ‘ते’) हे अनेकवचनी सर्वनाम एका व्यक्तीसाठी वापरणे ही व्याकरणाची चूक असून ती अलीकडे इंग्रजीवर लादली गेली आहे, आणि ‘ॲक्ट्रेस’सारखे शब्द टाकून देणे म्हणजे भाषेतून स्त्रीला पुसणे आहे, असे आपण लिंगनिरपेक्ष इंग्रजीवरील माझ्या लेखावर लिहिले आहे. पहिला आक्षेप मला मान्य नाही. दुसऱ्यात तथ्य आहे.

‘आजोबा आले’, ‘बाई वर्गात आल्या’ असे आपण रोज म्हणतो, तेव्हा अनेकवचनी रूपामुळे आपल्याला एकाचे अनेक आजोबा दिसत नाहीत. इंग्रजीतील ‘यू’ हेही मुळात अनेकवचनीच. त्याच्या आदरार्थी वापरापुढे एकवचनी ‘दाउ’ (thou, म्हणजे ‘तू’) मागे पडले, आणि आज एकाच माणसाशी बोलतानाही क्रियापद ‘आर’ असेच येते. एकवचनी ‘दे’ तर चौदाव्या शतकापासून लेखनात सापडते. शेक्सपिअर आणि जेन ऑस्टिन यांनीही ते वापरले आहे. त्याऐवजी सर्वांसाठी ‘ही’ (he, म्हणजे ‘तो’) वापरावे, हा नियम अठराव्या शतकात व्याकरणाच्या पुस्तकांत आला, आणि १८५० साली ब्रिटिश संसदेने कायद्यांतील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात असे कायद्यानेच ठरवले. लादणे म्हणायचेच, तर ते हे होते.

आपण केवळ आडनावाने सही केली आहे, त्यामुळे आपण स्त्री की पुरुष हे मला ठाऊक नाही. आपल्याविषयी कोणाला इंग्रजीत सांगायचे झाले, तर ‘दे’ म्हणण्यावाचून मला दुसरा सरळ मार्ग दिसत नाही. स्वतःला स्त्री किंवा पुरुष न मानणाऱ्या ओळखीच्या व्यक्तीने स्वतःसाठी ‘दे’ निवडणे, हा वापर मात्र खरोखरच नवा आहे (मेरियम-वेब्स्टर कोशाने तो २०१९ साली नोंदवला), आणि तिथे सुरुवातीला अडखळायला होते, हे मी नाकारत नाही. तरीही स्त्री-पुरुष दोघांसाठी मुद्दाम घडवलेले ‘थॉन’ हे सर्वनाम १९३४ च्या वेब्स्टर कोशात येऊन १९६१ च्या आवृत्तीतून गळाले, तर ‘दे’ टिकले, कारण ते आधीच लोकांच्या तोंडी होते.

आता दुसरा आक्षेप, म्हणजे ‘ॲक्ट्रेस’मधील ‘-एस’सारख्या स्त्रीलिंगी प्रत्ययांविषयी. ‘पोएटेस’ (कवयित्री), ‘ऑथरेस’ (लेखिका) हे शब्द मागे पडले, कारण त्यांतून स्त्रीचे लेखन दुय्यम असल्याचे सुचवले जाई. आपल्या ‘कवयित्री’ला तो वास नाही. जर्मनमध्ये तर स्त्री दिसावी म्हणूनच ‘-इन’ प्रत्ययाचा आग्रह धरला जातो. ‘असे सर्व प्रत्यय अपमानकारक असतात’ हे माझे विधान म्हणूनच चुकीचे होते, आणि लेखातील ते वाक्य मी आज बदलले आहे.