नेक्स्ट म्हणायचं राहिलं

मॅनेजरला एवढंच हवं होतं, की सर्व्हरकडे येणाऱ्या कोणत्या रिक्वेस्टला किती वेळ लागतो ते लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, दिसावं. मी म्हटलं, "पाच मिनिटांचं काम." (हे वाक्य माझ्या तोंडून जेव्हा जेव्हा निघालंय, तेव्हा तेव्हा माझं जेवण गार झालंय.)

आमचा सर्व्हर एक्स्प्रेसवर चालतो (जावास्क्रिप्टमध्ये सर्व्हर लिहायचा तयार सांगाडा). त्यातले मिडलवेअर म्हणजे रांगेत उभे केलेले मधले लोक. रिक्वेस्ट हातात आली की काय ते बघायचं, आणि एकतर स्वतः उत्तर देऊन मोकळं व्हायचं, नाहीतर "नेक्स्ट" म्हणून पुढच्याच्या हातात द्यायची. मी वेळ टिपली, रंगीत अक्षरांत छापली आणि नेक्स्ट म्हणायचं विसरलो. ब्राउझरमधलं चक्र फिरत बसलं. एरर नाही, क्रॅश नाही, सर्व्हर ठणठणीत. लॉगमध्ये माझी ओळ दिमाखात: "रिक्वेस्ट आली." आली खरी, गेली कुठे ते विचारू नका. वायफायला शिव्या घालून झाल्या, डेटाबेसला घालून झाल्या, मग कुठे स्वतःवर आलो.

नेक्स्ट घातलं, तर प्रत्येक रिक्वेस्टला एक मिलिसेकंद! मॅनेजर खूश. मला मात्र घाम फुटला, कारण त्यातली एक रिपोर्टची रिक्वेस्ट होती आणि तिला किती वेळ लागतो हे तिची वाट बघणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. डेटाबेसचं उत्तर यायच्या आतच नेक्स्ट परत येऊन माझं घड्याळ बंद करत होतं. शेवटी मोजणी रिस्पॉन्सच्या, म्हणजे सर्व्हरच्या उत्तराच्या, फिनिश इव्हेंटवर (उत्तर पाठवून झाल्याची वर्दी) टांगली आणि मॅनेजरचा आनंद काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी लिंटर (कोडमधल्या खोड्या काढणारा प्रोग्रॅम) कुरकुरला: अगदी शेवटी एरर सांभाळणारं जे फंक्शन आहे, त्यातला नेक्स्ट कोणी वापरतच नाही. खरंच होतं. तिथे "क्षमस्व, काहीतरी बिघडलंय" म्हणून विषय संपतो, पुढे पाठवायचं कोणाला? काल नेक्स्ट कमी पडला म्हणून रात्र गेली होती, आज जास्तीचा निघाला. उडवला.

आता एक्स्प्रेसची एक खोड आहे. ते फंक्शनचा हेतू बघत नाही, आर्ग्युमेंट, म्हणजे त्याच्या कंसातली नावं, मोजतं. चार (एरर, रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, नेक्स्ट) असतील तर एरर सांभाळणारा, तीन असतील तर चारचौघांसारखा, आणि त्याला एरर सोडून बाकीची तीनच मिळतात. त्यामुळे खरी एरर आली की माझ्या फंक्शनला वळसा घालून जायची. उलट कोणी चुकीचा पत्ता टाइप केला, की ४०४ ("पान सापडलं नाही") मिळायच्या जागी हा पठ्ठ्या पुढे. त्याच्या हातात एरर म्हणून रिक्वेस्ट, रिक्वेस्ट म्हणून रिस्पॉन्स आणि रिस्पॉन्स म्हणून साक्षात नेक्स्ट! त्या बिचाऱ्या नेक्स्टला तो ५०० चा ("सर्व्हरमध्ये बिघाड") स्टेटस चिकटवायला जायचा आणि स्वतःच कोसळायचा.

हे सगळं मला डेमोत कळलं. डेमोचा सर्व्हर डेव्हलपमेंट मोडमध्ये (प्रोग्रॅमरला चुका तपशिलात दाखवणारा मोड) राहिला होता, म्हणून क्षमस्वच्या जागी अख्खा स्टॅक ट्रेस, म्हणजे चूक कोडमध्ये कुठून कुठे आली त्याची यादी, पडद्यावर आला, फायलींच्या पत्त्यांसकट. क्लायंटने चष्मा वर करून शांतपणे फोल्डरचं नाव वाचलं: "फायनल, खरंच फायनल, दोन."

नेक्स्ट आता परत जागेवर आहे. लिंटरला त्या ओळीपुरतं गप्प केलंय आणि वर कॉमेंट लिहिलीय: "वापरात नाही. काढू नये." काल टीममधल्या नव्या मुलीने विचारलं, "यातला एक 'नाही' चुकून पडलाय का?"