'पवित्र शास्त्रात होमोसेक्शुअल शब्द पहिल्यापासून आहे' म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

तो लांबलचक मेसेज महिनाभरापासून मंडळ्यांच्या ग्रुपवर फिरून राहिला आहे, वरूडकडून आला, मोर्शीत पोचला, मग मावशीनं मला पाठवला आणि खाली 'आमेन' लिहिलं. त्यात म्हटलंय की जुन्या करारातल्या मोशेपासून नव्या करारातल्या पौलापर्यंत 'होमोसेक्शुअल' (समलैंगिक) हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे, जुन्या करारातलं सदोम शहर याच एका पापानं जळालं, हे निसर्गाच्या विरुद्ध आहे, आणि षंढ, हिजडे, गे सगळे एकाच यादीतले. दुसरा अर्थ सांगणारा वचन बदलतो म्हणे. मी लहानपणापासून संडे स्कूलमध्ये वाढलेला माणूस आहे, मला वचन प्रिय आहे म्हणूनच लिहून राहिलो.

आधी शब्दाचंच बघा. 'होमोसेक्शुअल' हा शब्द छापील स्वरूपात पहिल्यांदा १८६९ मध्ये जर्मन भाषेत आला, कर्टबेनी नावाच्या लेखकानं तो घडवला. मिशनरी विल्यम केरीचा मराठी नवा करार सेरामपूरला १८११ मध्ये छापला, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातात मराठी वचन आलं तेव्हा हा शब्द जगातच नव्हता. इंग्रजी बायबलमध्ये तो १९४६ च्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जनमध्ये १ करिंथ ६:९ ला आला, आणि त्याच भाषांतराच्या १९७१ च्या आवृत्तीत काढून दुसरा घातला. मग वचन कोण बदलतंय?

पौलानं तिथं, देवाच्या राज्यात न जाणाऱ्यांच्या यादीत, दोन ग्रीक शब्द वापरले, मालाकोई आणि आर्सेनोकोइताई. पहिल्याचा सरळ अर्थ मऊ, नरम, मत्तय ११:८ मध्ये राजवाड्यातल्या मऊ कपड्यांना हाच शब्द आहे. दुसरा पुरुष आणि बिछाना या दोन शब्दांचा जोड आहे, नव्या करारात फक्त दोनदा येतो, आणि धर्मसुधारक ल्यूथरनं त्याचं जर्मन करताना पोरांना नासवणारे असा अर्थ घेतला होता. आता हेही लपवणार नाही की जुन्या करारातल्या लेवीय २०:१३ च्या ग्रीक भाषांतरात हे दोन शब्द शेजारी-शेजारी येतात, म्हणून पौलानं तिथूनच जोडला असं बरेच अभ्यासक मानतात, आणि मला ते पटतं पण. तरी तो शब्द पुरुषांच्या एका कृतीचा आहे, बायका त्यात बसतच नाहीत, आणि ज्या पोट्ट्यानं आजपर्यंत कोणाला हात लावला नाही, फक्त मनातलं आईजवळ रडून सांगितलं, तो तर अजिबात बसत नाही. 'होमोसेक्शुअल' लिहिलं की तो पण त्या यादीत जाऊन पडतो. माझं सगळं दुखणं इथं आहे.

लेवीयातला 'अमंगळ' शब्द मेसेजमध्ये मोठ्या अक्षरात आहे. मूळ हिब्रू शब्द तोएबा. हाच शब्द नीतिसूत्रे ११:१ मध्ये खोट्या काट्यासाठी आहे. आपल्याकडे कापसाच्या मापात काटा कसा मारतात हे कोणाला शिकवायला नको, पण त्या व्यापाऱ्यावर असा मेसेज मी एकदाही पाहिला नाही.

सदोमाबद्दल यहेज्केल १६:४९ उघडा. गर्व, पोटभर अन्न, आराम आणि गरिबाला हात न देणं, हे सदोमाचं पाप म्हणून लिहिलंय. पुढच्या वचनात अमंगळ कृत्यांचा पण उल्लेख आहे, यहूदाच्या पत्रात पण शरीराच्या पापाचा आहे, ते मी गाळत नाही. पण उत्पत्ती १९ मध्ये अख्खं गाव दार फोडायला येतं आणि पाहुण्यांवर जबरदस्ती करायला बघतं, तो बलात्काराचा प्रकार आहे, दोघांच्या राजीखुशीचा नाही. 'याच एका पापानं' हे मेसेजवाल्याचं, शास्त्राचं नाही.

निसर्गाविरुद्ध म्हणाल तर रोम १:२६ मध्ये ते शब्द आहेत, खरं आहे. पण तोच पौल त्याच पत्रात ११:२४ ला म्हणतो की देवानं रानटी जैतुनाची फांदी, म्हणजे यहूदी नसलेले आपण, चांगल्या झाडाला 'निसर्गाविरुद्ध' कलम केली, ग्रीकमध्ये तेच शब्द, पारा फिसिन. आपण संत्र्यावाले माणसं, जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधल्याशिवाय आपली बाग उभी राहत नाही, आपल्याला हा दृष्टांत कोणी समजावून सांगायची गरज नाही. रोम १ मध्ये पौल निषेधच करतोय, पण 'निसर्गाविरुद्ध' एवढ्या दोन शब्दांवर माणूस नरकात पाठवता येत नाही, नाहीतर आपण परराष्ट्रीय विश्वासणारे काय आहोत?

आणि षंढ, म्हणजे खच्ची केलेला पुरुष. आपल्या गावात ही शिवी झाली म्हणून मेसेजवाल्यानं ती शिवीसारखीच वापरली. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये षंढ रथात बसून यशया वाचत होता, पाणी दिसल्यावर म्हणाला, माझ्या बाप्तिस्म्याला काय अडचण आहे? त्याला वचन समजावणाऱ्या फिलिप्पानं यादी काढली नाही, त्याच्याबरोबर पाण्यात उतरला.

आमच्या मंडळीतला एक पोरगा हा मेसेज आल्यापासून उपासनेला येत नाही, त्याची आई मागच्या चटईवर एकटी बसते. ज्यानं मेसेज टाकला त्या भावानं तो आजच डिलीट करावा आणि रविवारी जाऊन तिच्याजवळ बसावं, मी पण येतो.