वेगळं नाव हवं म्हणे!

आणखी एक वियान! कियान, रियान, अयांश, रेयांश... बागेत एका आईनं हाक मारली की पाच पोरं वळून बघतात. आणि वर ऐट काय, तर "आम्हाला जरा वेगळं नाव हवं होतं." वेगळं? कुठल्या बाजूनं?

पत्रिकेचा सोस तर विचारूच नका. 'र'च हवा, गुरुजींनी सांगितलंय! मग आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणात जन्मलेल्याला आद्याक्षर म्हणून 'ङ' येतो आणि हस्ताच्या तिसऱ्याला 'ण', तेव्हा का हो पंचांग गुपचूप मिटता? ठेवा की नाव!

बिचारी आत्या महिनाभर वही भरून नावं काढते. एकही पसंत नाही. तिच्या वाट्याला पाळण्याशी वाकून 'कुर्रर्र' करणं आणि पाठीत धपाटे खाणं, बस. एवढा घोळ घालून घरात हाक काय मारतात? चिकू!