कडू काकडी औषध नसते, मोठ्याई

सकाळीच मोठ्याईचा फोन. सांदवाडीतल्या वेलाच्या पाच-सहा काकड्या कडू निघाल्या, तर त्या उकिरड्यावर टाकायच्या सोडून तिनं मिक्सरमधून काढल्या होत्या. "काहून फेकू बाप्पा? जेवढी कडू तेवढी शुगरवर गुणकारी, असं मोबाइलात आलं हाये." मोबाइलात म्हणजे 'गावरान काकडीची गुपितं' हा मेसेज. मागच्या आठवड्यात तो मला तीन ग्रुपांवर आला, तेव्हा हसून सोडला. आता नाही सोडत.

आधी ते कडूचंच. काकडी, दुधी, दोडका यांना कडू करणारं द्रव्य म्हणजे कुकरबिटासिन. किडीनं, जनावरानं खाऊ नये म्हणून झाडानं केलेली ती सोय आहे, तुमच्या शुगरसाठी नाही. दुधीचा कडू रस पिऊन माणसं दगावली, तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली. 2012 साली तिचा अहवाल छापून आला. त्यात साफ म्हटलंय की रस काढण्याआधी तुकडा चाखा, कडू लागला तर फेका. या विषावर उतारा नाही. उलट्या, रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम खाली, अशी लक्षणं. आता कोणी म्हणेल, तो दुधी होता. खरंय, काकडीत हे द्रव्य सहसा कमी असतं आणि एक कडू फोड चावली म्हणून कोणी मरत नाही. पण फोड माणूस थुंकतो. रस नाक दाबून पेलाभर पितो. फरक तिथंच आहे. "मग कारलं नाही का खात?" असं मोठ्याईनं विचारलंच. कारलं कडू असतंच, त्यातली द्रव्यं वेगळी. काकडी मात्र पिढ्यान्‌पिढ्या गोड निघेल त्याच वेलाचं बी धरून आपण घडवली. ती कडू झाली म्हणजे काहीतरी बिघडलं.

देठ कापून घासला की फेसातून कडूपणा निघतो, हे पुढचं गुपित. फेस म्हणजे नुसता चीक. पण देठाकडचा भाग कापून टाकणं बरोबर आहे, कारण कडूपणा तिथं आणि सालीत जास्त असतो. आपल्या आज्यांनी कापणं बरोबर केलं, घासणं उगाच.

'वांझ फुलं खुडा, उत्पन्न दुप्पट.' हा प्रकार वाचून डोकं फिरलं. सुरुवातीला येतात ती नरफुलं. मादीफुलामागं बोटभर इवलीशी काकडी असते, नराच्या मागं नुसता देठ. सगळे नर खुडले तर मधमाशी परागकण आणणार कुठून? पॉलीहाऊसात परागाशिवाय धरणाऱ्या जाती असतात, तिथली गोष्ट कोणीतरी उचलून गावरान वेलाला चिकटवली.

दुधी शेजारी लावला म्हणून काकडी कडू होते, हेही खोटं. त्यांचा संकर होतच नाही. दुसऱ्या जातीच्या काकडीशी होतो, पण तो यंदाच्या फळात दिसत नाही, धरलेल्या बियांतून पुढच्या साली उगवतो. यंदाचा कडूपणा बियातूनच आला असेल, नाहीतर ऊन-पाण्याच्या ओढीनं वाढला असेल.

लोणच्याला मीठ अर्धं करा म्हणतात. करा, मग बुरशी खा! लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम मीठ लागतंच, त्याशिवाय आंबवणारे जिवाणू बाकीच्यांवर मात करत नाहीत. आणि फुलाकडचं टोक कापा. त्यातल्या एंझाइमनं काकडी मऊ पडते. हे मात्र मेसेजात कुठंच नाही.

बी संकरित वाणाचं धरू नका, एवढं एक वाक्य त्यात खरं आहे. मोठ्याईचं बी तिच्या सासूच्या वेळचं. गोड वेलावरची एक काकडी चिंधी बांधून राखायची, पिवळी-तपकिरी होऊ द्यायची, गर दोन-तीन दिवस पाण्यात आंबवायचा, बुडालेलं बी सावलीत वाळवून राखेत ठेवायचं. हे तिनंच मला शिकवलं. यंदा चिंधी कडू वेलाला बांधू नको, एवढंच तिला सांगितलं. मिक्सरचं भांडं ओतून दिलं का, ते रात्री पुन्हा फोन करून विचारतो.