दहा गुण नकोत, दुसरी तारीख द्या

आज दुपारी पाचव्या सेमिस्टरचे निकाल लागले. तृतीय वर्ष बीएस्सी, भौतिकशास्त्र. एका मुलीला सगळ्या पेपरांत उत्तम गुण आणि प्रॅक्टिकलच्या रकान्यात 'एबी'. म्हणजे गैरहजर. होती कुठे ही? विद्यापीठाचा ट्रॅकसूट घालून, विद्यापीठानेच काढलेल्या तिकिटावर, विद्यापीठाच्याच खोखो संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळत होती. पहिल्या मजल्यावरच्या क्रीडा विभागाने तिला पाठवलं, दुसऱ्या मजल्यावरच्या परीक्षा विभागाने तिला गैरहजर ठरवलं. मधे एक जिना आहे फक्त.

डोकं फिरलंय म्हणून लांबलचक लिहितोय. ज्यांना खेळ फक्त पदकाच्या दिवशी आठवतो त्यांनी इथूनच खाली सरकलं तरी चालेल.

"पण खेळाडूंना वाढीव गुण असतात ना?" हे सगळ्यात आधी ऐकवलं जातं. असतात, दहापर्यंत. पण ते मिळालेल्या गुणांत मिळवायचे असतात. पेपरला बसून सहा गुणांनी राहिलात तर उपयोग. 'एबी' म्हणजे शून्यसुद्धा नव्हे, मग दहा मिळवणार कशात? म्हणजे जी मुलगी खरोखर संघात निवडली जाते आणि गाडीत बसून जाते, नेमकी तिलाच ही सवलत लागू पडत नाही. आता हिची केटी, म्हणजे विषय राहिला, परीक्षा पुन्हा. एमएस्सीच्या याद्या लागतील तेव्हा हिचा निकाल राखीव असेल, आणि मुलाखतीत कुणीतरी विचारेल, "प्रॅक्टिकलला नापास कशी झालीस?"

हे टाळायला नवा कायदा लागत नाही, पैसाही लागत नाही. या स्पर्धा भरवणाऱ्या भारतीय विद्यापीठ संघाचं (एआययू) वेळापत्रक आधी येतं, परीक्षेचंही आधी ठरतं. दोन्ही कागद एका टेबलावर ठेवायचे, एवढंच काम. ते होत नाही, कारण क्रीडा विभाग अंतिम संघ ठरेपर्यंत थांबतो. संघ ठरतो सराव शिबिराच्या शेवटच्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी रात्रीची गाडी असते. यादी परीक्षा विभागात पोचते तेव्हा बॅचेस लागलेल्या असतात, बाहेरचे परीक्षक नेमलेले असतात. मग "आता काही करता येणार नाही" हे वाक्य. अहो, अंतिम संघाची वाट कशाला बघता? शिबिराला बोलावलेल्या संभाव्य खेळाडूंची यादी पीआरएन (कायम नोंदणी) क्रमांकासह पंधरा दिवस आधी वर पाठवा. त्यातल्या निम्म्या जणी गेल्याच नाहीत तर काय बिघडलं? त्या आपापल्या बॅचला बसतील.

प्रॅक्टिकल तर सगळ्यात सोपं. एका केंद्रावर तीन-चार दिवस बॅचेस चालतात. जाणारीला पहिल्या दिवशीच्या बॅचला घ्या, परत येणारीला शेवटच्या. तेही जमत नसेल तर त्याच विषयाचं दुसरं केंद्र असतं, त्याच्या तारखा वेगळ्या असतात, तिथे बसवा. तोच अभ्यासक्रम, तेच प्रयोग, फक्त हजेरीपटावर एक नाव वाढेल. लेखी पेपरचं म्हणाल तर प्रश्नपत्रिकांचे एकाहून जास्त संच काढून सीलबंद ठेवायची पद्धत आहेच. उरलेला संच पंधरा दिवसांनी उघडायचा. आणि इंटर्नल, सबमिशन, जर्नलवरची सही? ते तर प्राध्यापकाच्या हातात आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. लागते ती इच्छा.

मान्य, काही जण नुसते संघात खेळण्यापुरता प्रवेश घेतात आणि वर्गाचं तोंड बघत नाहीत. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी बोगस प्रमाणपत्रं निघाली, तेही खरं. पण बोगस प्रमाणपत्रवाला कधी प्रॅक्टिकल बुडवून खोखो खेळायला जात नाही हो! तो घरीच असतो. त्याच्या पापाची शिक्षा या पोरीला का?

श्रेयांकांचं, म्हणजे क्रेडिट्सचं, तर हसूच येतं. नव्या शैक्षणिक धोरणात खेळाला श्रेयांक दिले म्हणून टाळ्या वाजल्या. हिशेब करू. एक श्रेयांक म्हणजे तीस तास. ही मुलगी रोज तीन तास मैदानावर, आठवड्याचे सहा दिवस, पंधरा आठवडे. झाले दोनशे सत्तर तास. भागाकार केला तर नऊ श्रेयांक. पदरात पडतात दोन, आणि तेवढेच शनिवारी सकाळी योगासनाच्या चटईवर पेंगणाऱ्यालाही पडतात. मैदानावरचा प्रत्येक तास म्हणजे अभ्यास नव्हे, कबूल. पण मग सरावाची नोंदवही ठेवा, त्यावर तोंडी परीक्षा घ्या. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळाडूच्या सरावावर हंगामात आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे आणि एक दिवस सुट्टी सक्तीची. तिथेही पळवाटा आहेत, पण निदान खेळाडूचे तास कुणीतरी मोजतं. आपल्याकडे फक्त गैरहजेरी मोजतात.

आता संशोधनाकडे येतो, कारण तो विषय वेगळा नाही. याच मुलीने 'आविष्कार' या विद्यार्थ्यांच्या संशोधन स्पर्धेसाठी एक प्रकल्प केला होता. खांबावरून वळताना खेळाडूचा वेग किती घटतो आणि कुठल्या कोनात शरीर टाकलं तर कमी घटतो. साधन काय? मोबाइलचा सेकंदाला २४० फ्रेमचा कॅमेरा आणि 'ट्रॅकर' नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. खोखोच्या खांबाची उंची नियमाने १२० ते १२५ सेंटिमीटर असते. तिने मैदानावरचा खांब टेपने मोजून घेतला आणि तीच उंची चित्रातली मापपट्टी म्हणून वापरली. पहिल्या वेळी आकडे चुकले, कारण कॅमेरा धावण्याच्या रेषेला काटकोनात नव्हता. तिरकस कॅमेऱ्याने लांबी आखडते आणि वेग खोटा निघतो. मग तिपाई लांब नेली, झूम केलं, जमिनीवर चुन्याने मीटरच्या खुणा केल्या आणि सगळं पुन्हा चित्रित केलं. चूक शोधली, कारण शोधलं, पुन्हा मोजलं. याला संशोधन म्हणतात. आणि हिलाच आपण प्रॅक्टिकलला गैरहजर ठरवतो. भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकलला!

दुसरीकडे शारीरिक शिक्षणातले आपले पीएच.डी. प्रबंध बघा. अमुक जिल्ह्यातील कबड्डीपटू व खोखोपटू यांच्या शारीरिक क्षमतेचा तुलनात्मक अभ्यास. जिल्हा बदलायचा, पुन्हा तोच. चाचण्या कुठल्या? मूळच्या अमेरिकेतल्या १९५८ सालच्या आणि शाळकरी मुलांसाठी बनवलेल्या. (मार्गदर्शक मित्रांनो, रागावू नका. रागावलात तरी चालेल.)

पण सगळा दोष संशोधकाचा नाही, हेही लिहिलं पाहिजे. विद्यापीठात मानवी कार्यक्षमतेची प्रयोगशाळा असते, तिच्यात ट्रेडमिल असते, श्वासातले वायू मोजणारं यंत्र असतं आणि त्यावर प्लॅस्टिकचं आवरण असतं. का? यंत्र घ्यायला अनुदान मिळतं, चालवायला मिळत नाही. प्रत्येक चाचणीआधी ते यंत्र तपासून घ्यावं लागतं. अर्धा तास तापू द्यायचं, तीन लिटरच्या सिरिंजने हवेचं आकारमान जुळवायचं, मग खोलीतली हवा आणि माहीत असलेल्या मिश्रणाचा वायू, साधारण १६ टक्के ऑक्सिजन आणि ४-५ टक्के कार्बन डायऑक्साइड, सोडून वाचन बरोबर येतं का बघायचं. ती टाकी संपते. ती भरायला 'आवर्ती खर्च' या शीर्षाखाली शून्य रुपये. ऑक्सिजनचा सेन्सर तर अनेक यंत्रांत न वापरताही झिजतो. रक्तातलं लॅक्टेट (जोरदार व्यायामात वाढणारा घटक) मोजायच्या पट्ट्यांना मुदत असते, निविदा निघून पट्ट्या येईपर्यंत अर्धी उलटलेली. मग कुणीतरी न तपासताच यंत्र लावतं आणि तालुक्याच्या धावपटूचा व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता, ८० दाखवला जातो. आकडा जागतिक दर्जाचा, म्हणून शोधनिबंधही निघतो.

२०२३ मध्ये राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. पाच वर्षांत पन्नास हजार कोटींचा आकडा, त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा. यावा, खूप यावा. देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्कासुद्धा खर्च करत नाही. पण त्या कोटींतून टाकी भरायचे काही हजार खाली झिरपणार का, एवढंच मला कळायला हवंय.

आता राग जरा उतरला. चहा घेतला.

आपल्याकडे हे कधी नव्हतंच असंही नाही. पुण्यात स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्रा. दि. ब. देवधर पन्नाशीला टेकलेले असताना महाराष्ट्राचे कर्णधार होते आणि १९३९-४० व १९४०-४१ असे लागोपाठ दोनदा रणजी करंडक घेऊन आले. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला जाणार, पैसे नाहीत. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. त्या प्राचार्यांनी घर गहाण टाकलं. आपल्याला एक बॅच बदलता येत नाही.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खोखोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. चौकाचौकांत फ्लेक्स लागले. त्या फ्लेक्सखालून जाणाऱ्या किती पोरींच्या निकालात 'एबी' आहे ते कुणी विचारलं नाही. टोकियोत सायकलिंगच्या रस्ता शर्यतीत सुवर्ण घेणारी ऑस्ट्रियाची ॲना कीझनहोफर गणितात पीएच.डी. आहे, तेव्हा आपण तिची बातमी "बघा, परदेशात कसं असतं" म्हणून एकमेकांना पाठवत होतो. परदेशात कसं असतं ते राहू द्या. जिन्यावरून एक कागद वर न्या.

या मुलीच्या प्रॅक्टिकलला दुसरी तारीख मागणारा तो कागद उद्या जातोय. कुणाच्या पोरावर हीच वेळ आली असेल तर सोबत काय जोडायचं ते लिहून ठेवतो. निवडीचं पत्र, जावक क्रमांकासह. स्पर्धेचं वेळापत्रक, ज्यावर यजमान विद्यापीठाचं नाव आणि तारखा आहेत. सहभाग प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत. जाता-येतानाची दोन्ही तिकिटं, कारण "स्पर्धा तर आदल्या दिवशीच संपली होती" असं हमखास म्हणतात आणि प्रवासाचा दिवस कुणी धरत नाही. हॉल तिकीट. विभागप्रमुखांची शिफारस, तीत 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' असं नको, 'विद्यापीठाच्या कामावर असल्याने' असं हवं. अर्जाच्या दोन प्रती काढा. दुसरीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. "ठेवून जा, साहेब आले की बघतील," असं म्हणतील. शिक्का मिळेपर्यंत खिडकी सोडायची नाही.