व्हीएममधला सिक्युअर बूट: फिरत्या मेसेजमधलं काय चुकतं

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतले सर्व्हर बघणाऱ्या मंडळींत एक मेसेज जोरात फॉरवर्ड होतोय. मजकूर थोडक्यात असा: केव्हीएमवरच्या (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) व्हीएममध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये, सिक्युअर बूट (विश्वासू सही असलेलाच कोड सुरू होऊ देणारी तपासणी) हा नुसता देखावा, व्हीएमची व्याख्या लिहिलेल्या एक्सएमएलमध्ये ‘सिक्युअर-बूट’पुढे यस लिहिलं की चालू, नो लिहिलं की बंद, विंडोज ११ बसलं म्हणजे ते चालू आहेच, लिनक्सला मात्र कायम बंद ठेवा. एकाच गोष्टीला ‘देखावा’ही म्हणायचं आणि ‘चालू आहेच’ही, हे कसं जमवलं ते पाठवणाऱ्यालाच ठाऊक.

‘यस लिहिलं की चालू.’ ती ओळ म्हणजे लिबवर्टकडे (व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) नोंदवलेली मागणी. होस्टवर, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या खऱ्या मशीनवर, प्रत्येक फर्मवेअरची (मशीन सुरू करणारा पहिला कोड) माहिती देणारी एक छोटी जेसन फाइल असते, नाव बहुधा ४०, ५०, ६० अशा आकड्याने सुरू होणारं. लिबवर्ट त्या क्रमाने वाचत जातं आणि मागणीत बसणारं पहिलं फर्मवेअर उचलतं. व्हीएम पहिल्यांदा सुरू होताना व्हेरिएबल्सच्या (फर्मवेअरच्या सेटिंग्ज) टेम्प्लेटची प्रत निघते आणि ती त्या व्हीएमची एनव्हीरॅम फाइल होते. पुढे सह्या तपासायच्या की, बूटचा क्रम, सगळं तिच्यातच राहतं.

त्यामुळे नंतर नुसतं यसचं नो केलं तर गाडी अडते. नवं लिबवर्ट निवडलेल्या फर्मवेअरचा पत्ता एक्सएमएलमध्ये लिहून ठेवतं; नवी मागणी त्या पत्त्याशी जुळली नाही की ‘सुसंगत ईएफआय फर्मवेअर सापडत नाही’ असा एरर येतो. पत्त्याच्या ओळी काढल्या तरी जुनी एनव्हीरॅम फाइल जागेवर असते आणि तीच पुन्हा वापरली जाते. म्हणून व्हीएम पूर्ण बंद करा, एनव्हीरॅम फाइलची प्रत बाजूला ठेवा, लोडर आणि एनव्हीरॅम या पत्त्याच्या दोन्ही ओळी काढा, मागणी बदला आणि व्हर्शच्या (लिबवर्टचं कमांड-लाइन साधन) स्टार्ट कमांडला रीसेट-एनव्हीरॅम हा पर्याय द्या. तो लिबवर्ट ८.१ पासून आहे. आत विंडोज असेल तर आधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) रिकव्हरी की हाताशी असू द्या. सिक्युअर बूटची स्थिती बदलल्यावर ती की मागितली जाऊ शकते.

‘विंडोज ११ बसलं म्हणजे चालू.’ विंडोज ११ला मशीन सिक्युअर बूट करू शकतं एवढंच लागतं, शिवाय टीपीएम २.० (की सुरक्षित ठेवणारी चिप). प्रत्यक्षात ते चालू असलंच पाहिजे अशी अट नाही. इथेच दुसरं फीचर येतं: ‘एनरोल्ड-कीज’. पहिलं फीचर, म्हणजे ‘सिक्युअर-बूट’, फर्मवेअरची कुवत सांगतं, दुसरं सांगतं की टेम्प्लेटमध्ये की आधीच भरल्यात. पहिलं यस आणि दुसरं नो असेल तर फर्मवेअर सेटअप मोडमध्ये उभं राहतं आणि कुठलीच सही तपासत नाही. उलट पहिलं नो आणि दुसरं यस लिहिलं तर लिबवर्ट ती व्याख्याच नाकारतं. खात्री गेस्टच्या, म्हणजे व्हीएममधल्या सिस्टिमच्या, आतून करा: लिनक्समध्ये मॉकयुटिलला (सिक्युअर बूटच्या की हाताळणारी कमांड) एसबी-स्टेट विचारा, विंडोजमध्ये ॲडमिन पॉवरशेलमधून कन्फर्म-सिक्युअरबूटयूईएफआय चालवा.

‘नुसता देखावा.’ एसएमएमशिवाय (प्रोसेसरचा ऑपरेटिंग सिस्टिमपासून वेगळा, राखीव मोड) बांधलेल्या फर्मवेअरबद्दल हे खरं ठरलं असतं, कारण गेस्टमधला रूट (सर्वाधिकार असलेला युजर) थेट फ्लॅशवर (गेस्टला एनव्हीरॅम फाइल अशीच दिसते) लिहून की बदलू शकला असता. म्हणूनच एक्स८६वर (इंटेल, एएमडीचे प्रोसेसर) क्यू३५ प्रकारचं मशीन आणि एसएमएम चालू ही अट आहे. मग फ्लॅशवर फक्त एसएमएममधला कोडच लिहू शकतो. जुन्या ‘पीसी’ प्रकारच्या मशीनवर हे जमत नाही. होस्टच्या रूटपासून मात्र सिक्युअर बूट वाचवत नाही. एनव्हीरॅम ही त्याच्याच डिस्कवरची साधी फाइल आहे. मेसेजला एवढं श्रेय द्यायला हरकत नाही.

‘लिनक्सला बंद ठेवा.’ उबुंटू, डेबियन, फेडोरा सही केलेल्या शिममुळे (सर्वांत आधी चालणारा छोटा बूटलोडर) बिनतक्रार बूट होतात. अडतं ते सही नसलेलं कर्नल मॉड्यूल, उदाहरणार्थ एखाद्या डोंगलचा स्वतः बांधलेला ड्रायव्हर. लोड करताना ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ दिसतं. स्वतःची की बनवून मॉड्यूलवर सही करा, ती की मॉकयुटिलने इम्पोर्ट करा आणि रीबूट करा. त्या वेळी निळा स्क्रीन येतो आणि बटण दाबायला दहा सेकंदच मिळतात. एसएसएचवरून (दूरून केलेलं लॉगिन) तो दिसतच नाही, तेव्हा व्हर्ट-व्ह्यूअर (व्हीएमचा स्क्रीन दाखवणारं साधन) आधीच उघडून ठेवा.

मेसेजमध्ये नसलेली एक बाब जास्त गंभीर आहे. सिक्युअर बूट ज्यांच्या आधारे सह्या तपासतं त्या मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या सर्टिफिकेटांची मुदत जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने संपते. आज चालणारा व्हीएम लगेच अडणार नाही, पण फक्त २०२३ च्या सर्टिफिकेटने सही केलेला नवा बूटलोडर जुन्या एनव्हीरॅमला ओळखू येणार नाही. होस्टवरचं ओव्हीएमएफ (व्हीएमचं फर्मवेअर) पॅकेज अपडेट केल्याने टेम्प्लेट बदलतं, आधी निघालेल्या प्रती नाहीत. नवी सर्टिफिकेटं गेस्टच्या अपडेटमधून घ्यावी लागतील, नाहीतर व्हीएम बंद करून व्हर्ट-एफडब्ल्यू-व्हार्स या साधनाने एनव्हीरॅम फाइलमध्ये घालावी लागतील.